ध्रुवीय समुद्राच्या पोटातल्या लाटा

आर्क्टिकचा बर्फ वरच्या गरम हवेने वितळतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या बर्फाच्या खाली काय दडलंय, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. साधारण दीडशे ते नऊशे मीटर खोलीच्या पट्ट्यात अटलांटिक महासागरातून आलेल्या पाण्याचा एक जाड थर तिथे पसरलेला आहे. त्याचं तापमान शून्याच्या वर असतं, काही ठिकाणी दोन-तीन अंशांपर्यंतही जातं. आपल्याला हे पाणी गारच वाटेल. पण समुद्राचं खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, तेव्हा बर्फाच्या हिशेबाने ते चांगलंच कोमट आहे. या थरातली सगळी उष्णता वर आली, तर आर्क्टिकवरचा झाडून सारा सागरी बर्फ वितळेल आणि तरीही बरीच उष्णता शिल्लक राहील.

ती वर येत नाही. निदान मध्य आर्क्टिकमध्ये तरी अगदी थेंबाथेंबाने येते. हा थेंब कुठे मोठा होतो, कुठे आटतो आणि कशामुळे, या प्रश्नाने समुद्रशास्त्रज्ञांना सव्वाशे वर्षं गुंतवून ठेवलं आहे. उत्तराचा मोठा भाग पाण्याच्या आत उठणाऱ्या, वरून डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटांमध्ये आहे.

आधी एक शंका दूर करू. गरम पाणी हलकं असतं, मग ते खाली कसं राहतं? उष्ण प्रदेशातल्या समुद्रात पाण्याचं वजन मुख्यतः तापमानावर ठरतं. गोठणबिंदूजवळ हे गणित बदलतं. तिथे तापमान एक-दोन अंशांनी इकडेतिकडे झालं तरी घनतेत नगण्य फरक पडतो. मिठाचं प्रमाण बदललं की मात्र लगेच पडतो. ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी अशा प्रचंड नद्या आर्क्टिकमध्ये गोडं पाणी ओततात. बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं तुलनेने कमी खारं पाणी येतं. उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्यात आणखी भर. त्यामुळे वर थंड पण कमी खारं, म्हणून हलकं पाणी. आणि खाली कोमट पण जास्त खारं, म्हणून जड पाणी, अशी उतरंड तयार होते. या दोहोंच्या मधला, खोलीबरोबर खारेपणा झपाट्याने वाढत जाणारा पट्टा हीच खरी भिंत. बर्फ टिकून आहे त्यात या भिंतीचा वाटा फार मोठा आहे.

आता लाटांकडे येऊ. अर्धी बाटली पाणी आणि त्यावर तेल घेऊन ती हळूच कलती केली, तर तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर एक मोठी, सुस्त लाट फिरताना दिसते. वरचा पृष्ठभाग मात्र जवळपास सपाटच राहतो. समुद्रात तेल नसतं, पण हलक्या आणि जड पाण्याचे थर असतात, आणि त्यांच्यामध्येही अशाच लाटा उठतात. यांनाच अंतर्गत लाटा म्हणतात. दोन थरांच्या घनतेतला फरक हजारात दोन-तीन भाग एवढाच असतो. त्यामुळे जड पाणी हलक्या पाण्यात वर ढकलायला फार कमी ऊर्जा पुरते, आणि एकदा वर गेलेलं पाणी खाली यायलाही घाई करत नाही. म्हणूनच या लाटा उंच असतात, पण संथ असतात. आत वीस मीटर उंचीची लाट चालली असताना वरचं पाणी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर हलतं. एक झोका पूर्ण व्हायला काही मिनिटांपासून काही तास लागतात.

या लाटांची पहिली नीट नोंद ध्रुवीय समुद्रातच झाली, आणि तीही एका जहाजाच्या अडचणीतून. १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालेल्या ‘जॅनेट’ या जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले होते. याचा अर्थ बर्फ आणि त्याखालचं पाणी आर्क्टिक पार करून वाहत असणार. नॉर्वेचे फ्रिट्योफ नानसेन यांनी हे तपासायचं ठरवलं. ‘फ्राम’ हे मजबूत जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचं आणि प्रवाह नेईल तिकडे जायचं, असा त्यांचा बेत होता. १८९३ ते १८९६ असा तो प्रवास चालला. बर्फाखालच्या कोमट अटलांटिक पाण्याचा थर याच मोहिमेच्या मोजमापांतून जगाला कळला.

पण बर्फात शिरण्याआधीच, ऑगस्ट १८९३ मध्ये, सैबेरियाच्या किनाऱ्यालगत ‘फ्राम’ची गती अचानक मेली. एरवी शांत हवेत सहा-सात नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहज कापणारं जहाज दीड नॉटही गाठेना. इंजिन पूर्ण जोरात, वारा नाही, पाण्यात कुठे अडथळा नाही, आणि तरीही कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अवस्था. सुकाणूलाही जहाज धड दाद देईना. नॉर्वेच्या खलाशांना हा प्रकार फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद, खोल खाड्यांमधून, माहीत होता. ते त्याला ‘मेलेलं पाणी’ म्हणत. कारण मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

नानसेन यांनी ही नोंद व्हिल्हेल्म ब्यर्कनेस या भौतिकशास्त्रज्ञापुढे ठेवली. जहाजाखाली गोड्या पाण्याचा पातळ थर आणि त्याखाली खारं पाणी असेल, तर जहाज त्यांच्या सीमेवर लाटा उठवत असावं, असा ब्यर्कनेस यांचा कयास होता. त्यांनी हा प्रश्न व्हाग्न वाल्फ्रिड एकमन या तरुण विद्यार्थ्याकडे सोपवला. एकमन यांनी टाकीत दोन घनतेच्या पाण्याचे थर रचले, त्यात ‘फ्राम’ची छोटी प्रतिकृती ओढून पाहिली आणि १९०४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कयास बरोबर निघाला. इंजिनाची ताकद जहाज पुढे ढकलण्याऐवजी पाण्याच्या आत मोठमोठ्या लाटा उभ्या करण्यात खर्च होत होती.

याचं गणित कागदावर चार ओळींत मावतं, आणि ते करून पाहण्यासारखं आहे. समजा वरचा गोडा थर चार मीटर जाडीचा आहे, आणि खालचं खारं पाणी त्याच्यापेक्षा दोन टक्क्यांनी जड आहे. उघड्या उथळ पाण्यावरच्या लांब लाटेचा वेग काढायचा तर गुरुत्वाचा आकडा ९.८ घ्यायचा, त्याला खोलीने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. चार मीटर खोलीसाठी उत्तर येतं सेकंदाला सुमारे सहा मीटर. दोन थरांच्या सीमेवर मात्र गुरुत्वाचा पूर्ण जोर लागत नाही, त्याचे दोन टक्केच लागतात, म्हणजे ०.१९६. त्याला चारने गुणून वर्गमूळ काढलं की येतात सेकंदाला ०.८९ मीटर, म्हणजे सुमारे १.७ नॉट. सीमेवरची लांब लाट याहून वेगाने धावूच शकत नाही. जहाज या वेगाच्या खाली असेल तोवर त्याची लाट त्याच्याबरोबर चालते आणि ताकद शोषत राहते. एकदा तो वेग ओलांडला की लाट मागे पडते आणि जहाज मोकळं होतं. ‘फ्राम’ नेमकं दीड नॉटच्या आसपास का अडकलं, हे इतक्या साध्या आकड्यांतून दिसतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जहाज हे झालं छोटं कारण. समुद्रात अंतर्गत लाटा उठवणारे खरे सूत्रधार दोन: वारा आणि भरती-ओहोटी. भरतीचं पाणी समुद्रतळाच्या डोंगरांवरून पुढेमागे सरकताना आतले थर वरखाली ढकलतं, आणि त्या हेलकाव्यातून लाटा सुटतात. मध्यम अक्षांशांवर अशा लाटा उगमापासून हजार-दोन हजार किलोमीटर सहज जातात. ध्रुवाजवळ मात्र त्यांच्या वाटेत पृथ्वीचं फिरणं आडवं येतं.

ते असं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे, वाऱ्याने धक्का देऊन सोडलेलं पाणी सरळ न जाता गोल फिरतं. एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ अक्षांशावर ठरतो: ३० अंशांवर सुमारे २४ तास, ध्रुवावर सुमारे १२ तास. अंतर्गत लाटेचा एक झोका या वेळेपेक्षा कमी काळात पूर्ण होत असेल, तरच ती मोकळेपणाने दूर जाऊ शकते. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं आहे. सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंश अक्षांशावर पाण्याची फेरीही नेमकी तेवढ्याच वेळाची होते. त्या रेषेच्या पलीकडे, ध्रुवाच्या बाजूला, या भरतीच्या तालावरची लाट दूर जाऊच शकत नाही. मध्य आर्क्टिकचा जवळजवळ सगळा भाग, आणि दक्षिणेकडे वेडेल आणि रॉस समुद्रांचे दक्षिणेकडचे कोपरे, या रेषेच्या आत येतात.

मग ती ऊर्जा जाते कुठे? तिथल्या तिथे, उताराजवळच जिरते. लाट दूर जाऊ शकली नाही की फुटते, आणि फुटताना वरचं-खालचं पाणी एकमेकांत घुसळतं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या वायव्येला समुद्राखाली येरमाक पठार आहे. तिथे अटलांटिकचं कोमट पाणी आर्क्टिकमध्ये शिरतं, भरतीही जोरात असते आणि तळ उंचसखल आहे. त्या भागात पाण्याची घुसळण खुल्या खोऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्क्टिकच्या वेगवेगळ्या भागांतली मोजमापं एकत्र मांडली गेली. अटलांटिकच्या थरातून वर येणारी उष्णता तळाचा चढ-उतार आणि भरतीचा जोर यांच्याशी बांधलेली दिसली. डोक्यावर बर्फ आहे की नाही याने फारसा फरक पडत नव्हता.

वाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे बर्फाचा थेट संबंध येतो. उघड्या समुद्रावर वादळ आलं की पाण्याला धक्के बसतात, वरचा थर गोल फिरू लागतो आणि त्यातली ऊर्जा अंतर्गत लाटांच्या रूपाने खाली झिरपते. घट्ट गोठलेल्या समुद्रावर तो वारा बर्फावरच अडतो. शिवाय वर येणारी लाट बर्फाच्या खडबडीत बुडाला घासून क्षीण होते. म्हणूनच आर्क्टिकमधल्या अंतर्गत लाटांची ऊर्जा मध्यम अक्षांशांपेक्षा ठळकपणे कमी भरते, हे १९८० च्या दशकापासून नोंदवलेलं आहे. हा समुद्र आतून शांत आहे.

किती शांत, याचा पुरावा कॅनडाच्या बाजूच्या खोल खोऱ्यात मिळतो. तिथे तापमान खोलीबरोबर सलग वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं. एक ते पाच मीटर जाडीचा एकसारख्या तापमानाचा थर, मग एकदम छोटी उडी, मग पुन्हा तसाच थर. एकेक पायरी शेकडो किलोमीटर सलग सापडते. टी-३ या तरंगत्या हिमबेटावरून काम करणाऱ्या संशोधकांनी १९६९ मध्ये या पायऱ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाण्यात उष्णता मिठापेक्षा साधारण शंभर पटींनी वेगाने पसरते, त्यामुळे अशा पायऱ्या आपोआप घडतात. पण त्या टिकतात ते आजूबाजूला कुणी ढवळत नाही म्हणूनच. मोठी अंतर्गत लाट तिथे फुटली तर त्या विस्कटतील. या पायऱ्यांमधून वर जाणारी उष्णता दर चौरस मीटरला वॅटच्या काही दशांश भागांएवढी, अनेकदा त्याहूनही कमी असते.

हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्याचं बर्फात रूपांतर करून पाहू. दर चौरस मीटरला एक वॅट उष्णता वर्षभर बर्फाच्या बुडाला मिळत राहिली, तर सुमारे दहा सेंटिमीटर बर्फ वितळतो. म्हणजे दशांश वॅटला वर्षाकाठी एक सेंटिमीटर. दोन मीटर जाड बर्फाला त्याची झळ लागणार नाही. पण दहा वॅट झाले तर सहा महिन्यांत अर्धा मीटर बर्फ कमी. प्रश्न एवढाच उरतो की आपण कुठल्या आकड्याजवळ आहोत, आणि ते बाहेर बसून कळत नाही. बर्फावर जाऊन मोजावं लागतं.

घुसळण मोजण्याचं उपकरण म्हणजे माणसाच्या उंचीएवढी एक सडपातळ नळी. तिच्या टोकाला काही मिलिमीटरचा संवेदक असतो. पाण्याच्या वेगात एक-दोन सेंटिमीटरच्या अंतरात होणारा बदलही तो टिपतो. बर्फाला भोक पाडून ही नळी सैल दोरीवर सोडतात. दोरी ताणली गेली की वरच्या यंत्राची थरथर खाली पोचते आणि नोंद वाया जाते. म्हणून दोरी सोडणाऱ्याचं सगळं लक्ष ती ढिली ठेवण्यावर असतं. नळी सेकंदाला साधारण अर्धा-पाऊण मीटर वेगाने पडते आणि प्रत्येक सेंटिमीटरला पाणी किती खळबळतंय ते लिहीत जाते. मग वर ओढायची, पुन्हा सोडायची. थंडीत भोक गोठू द्यायचं नाही, हे आणखी एक काम.

दूरच्या प्रवाहांसाठी ध्वनी वापरतात. उपकरण आवाजाचा ठोका सोडतं. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक कणांवरून आणि जिवांवरून तो परततो, आणि परतीच्या सुरातल्या बदलावरून पाण्याचा वेग कळतो. आर्क्टिकचं खोल पाणी इतकं नितळ असतं की आवाज परतवायला पुरेसे कण सापडत नाहीत. दुसरी अडचण होकायंत्राची. चुंबकीय ध्रुवाजवळ चुंबकीय बल जवळजवळ सरळ खाली खेचतं, आडवं बल फार क्षीण होतं, त्यामुळे प्रवाहाचा वेग बरोबर मिळतो आणि दिशा चुकते. एकमन यांनी बनवलेल्या जुन्या प्रवाहमापकात छोटे ब्राँझचे गोळे होकायंत्राच्या सुईवरून घरंगळत ३६ कप्प्यांपैकी एकात पडत आणि त्यावरून दिशा कळे. साधनं पार बदलली, ध्रुवाजवळची ही अडचण मात्र अजून पिच्छा सोडत नाही.

समुद्रतळाला नांगर टाकून उभ्या तारेवर वर्षभर उपकरणं ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. भारताने २०१४ च्या जुलैमध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये ‘इंडआर्क’ ही अशीच वेधशाळा सोडली. कोमट अटलांटिक पाणी त्या फ्योर्डमध्ये कधी आणि किती शिरतं, हे समजण्यासाठी ती मोक्याची जागा आहे. बर्फाच्या खोल सुळक्यांनी तार ओढून नेऊ नये म्हणून वरचा तरंगक पृष्ठभागापासून बराच खाली ठेवावा लागतो, आणि त्यामुळे बर्फाला लागून असलेलं, आपल्याला सर्वात हवं असलेलं पाणीच सुटतं. ती उणीव २००४ पासून अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेची उपकरणं काही अंशी भरून काढतात. तरंगत्या बर्फात बसवलेल्या बोयाखाली सुमारे आठशे मीटर तार लोंबते; एक यंत्र तिच्यावरून चढत-उतरत नोंदी घेतं आणि बोया त्या उपग्रहामार्फत पाठवतो. बर्फ मात्र रोज काही किलोमीटर सरकतो. त्यामुळे नोंदीत दिसलेला बदल काळाने झाला की जागेने, हे सोडवत बसावं लागतं.

अंटार्क्टिकात नाट्य निराळं आहे. तिथे खंडाला वळसा घालणारा प्रवाह दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीतून सेकंदाला पंधरा-सतरा कोटी घनमीटर पाणी नेतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून याच्या शंभराव्या भागाएवढ्याही भरत नाहीत. हा प्रवाह तळापर्यंत पोचतो आणि तळाच्या डोंगरांवरून जाताना मागे उभ्या अंतर्गत लाटा सोडतो. २००९ मध्ये एका ब्रिटिश-अमेरिकी मोहिमेने ड्रेकच्या पश्चिमेला खोल पाण्यात एक निरुपद्रवी रसायन सोडलं आणि ते कसं पसरतं याचा माग काढला. सामुद्रधुनीतल्या खडबडीत तळावर आल्यावर त्याचं वरखाली पसरणं कित्येक पटींनी वाढलं.

आणि कधी कधी लाटा उठवणारा हिमनदच असतो. जानेवारी २०२० मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ ‘जेम्स क्लार्क रॉस’ या ब्रिटिश संशोधन जहाजावरून पाण्याची मोजमापं चालली होती. समोरच्या विल्यम हिमनदाची समुद्रावर चाळीस मीटर उंच असलेली दर्शनी भिंत फुटून तिचे हजारो तुकडे पाण्यात पडले. सुमारे ७८,००० चौरस मीटर बर्फ गेला. आधी पन्नास ते शंभर मीटर खोलीवर थंड पाणी आणि त्याखाली कोमट, असे ठळक थर होते. बर्फ पडल्यानंतरच्या मोजणीत ते थर पुसट झालेले, तापमान बरंचसं सारखं झालेलं. पाण्याच्या आत उठलेल्या लाटांनी हे केलं होतं. तोवर अशी घुसळण वारा, भरती आणि थंडीमुळे होते, एवढंच हिशेबात धरलं जाई.

पुढे दक्षिण ग्रीनलंडच्या एका फ्योर्डच्या तळाशी संशोधकांनी दहा किलोमीटर लांबीची प्रकाशतंतूची तार टाकली. तारेतल्या प्रकाशावरून तिच्या इंचाइंचाची नाही तरी मीटरामीटरावरची थरथर कळते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बर्फ कोसळल्यावर पृष्ठभाग शांत होतो, पण आतल्या, इमारतीएवढ्या उंच लाटा त्यानंतरही तासन्‌तास चालत राहतात आणि कोमट पाणी बर्फाच्या भिंतीपर्यंत पोचवत राहतात. त्या पाण्याने भिंतीचं बूड पोखरलं की पुढचा तुकडा सुटतो.

पुन्हा आर्क्टिककडे वळतो, कारण माझ्या मते खरा पेच तिथे आहे. बर्फ कमी झाला की वारा पाण्याला थेट भिडेल, लाटा वाढतील आणि कोमट पाणी वर येईल, हा तर्क सरळ वाटतो. पण वितळलेला बर्फ आणि नद्यांचं वाढतं पाणी यांनी वरचा थर आणखी हलका होतो, आणि घुसळायला आणखी ऊर्जा लागते. कॅनडाच्या बाजूला ही दुसरी बाजू वरचढ दिसते: २०१२ च्या विक्रमी कमी बर्फाच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्यात मोजमापं घेतली, तेव्हा अटलांटिक थराच्या खोलीवरची घुसळण वाढलेली आढळली नाही. सैबेरियाच्या बाजूच्या पूर्व खोऱ्यात मात्र मधली खारेपणाची भिंतच दुबळी होत चालली आहे. तिथे हिवाळ्यात बर्फाकडे जाणारी उष्णता २००७-०८ मध्ये दर चौरस मीटरला तीन-चार वॅट होती; २०१६ ते २०१८ दरम्यान ती दहा वॅटच्या वर गेली.

हवामानाच्या प्रारूपांमध्ये समुद्राचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरांचा असतो. त्यात मीटरभर जाडीची पायरी मावत नाही, की सेंटिमीटरभराची खळबळही. तिथे घुसळणीच्या जागी एक ठोकळ आकडा घालावा लागतो, आणि तो आकडा बर्फाला पाडलेल्या त्या भोकांमधून घेतलेल्या नोंदींवरूनच येतो. कॅनडाच्या खोऱ्यासाठी जुळलेला आकडा सैबेरियाच्या उतारावर चालत नाही, दहा वर्षांपूर्वी जुळलेला आजही जुळेल याची खात्री नसते. अंधाऱ्या हिवाळ्यातल्या नोंदी तर अजूनही फार तुरळक आहेत.